शो कुणी मागायचा

गोरक्ष बोरस्ते थाप मारायला लागला की बेदाणा खातो, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. फक्त त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलंही नाही. असं काही सांगितलं की माणूस सुधारतो, आणि सुधारलेल्या माणसाशी पत्ते खेळण्यात काही राम उरत नाही.

आधी बेदाण्यांचं सांगतो. गंगापूर रोडला आमची सोसायटी आहे त्या जागी पूर्वी द्राक्षबाग होती. बिल्डरने बाग तोडली, इमारती उभ्या केल्या आणि मन खाऊ लागलं असावं म्हणून सोसायटीचं नाव 'द्राक्षवेल' ठेवलं. खाली पाण्याच्या पंपाला लागून एक खोली आहे. दारावर 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र' अशी पाटी आहे आणि आत एक टेबल, चार खुर्च्या आणि पंपाचा आवाज आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी आम्ही चौघं तीन पत्ती खेळायचो. मग चेअरमन कातकाडेसाहेबांनी फलकावर सूचना लावली की आवारात जुगार चालणार नाही. त्या दिवाळीत गोरक्षाचा मुलगा ज्ञानेश बंगळूरहून आला होता, त्याने आम्हाला पोकर शिकवला. कातकाडेसाहेब चौकशीला आले तेव्हा गोरक्ष म्हणाला, "साहेब, हा बुद्धीचा खेळ हाय. याच्या परदेशात स्पर्धा होतात." परदेशात होतात म्हटल्यावर साहेब खुर्ची ओढून थोडा वेळ बसले, काही न कळता दोनदा 'छान' म्हणाले, आणि पैसे लावायचे नाहीत एवढी एकच अट घालून गेले. म्हणून बेदाणे.

ते सोमनाथ पिंगळे आणतो. त्याची बाग दिंडोरीकडे आहे. नातवंडांच्या शाळेसाठी तो शहरात राहायला आला, पण मन तिकडेच असतं. व्यापारी नाकारतो ते वाकडे, काळपट दाणे तो बरणी भरून आणतो आणि चौघांत वाटतो. खेळ सोपा आहे. प्रत्येकाला पाच पत्ते. नको असतील ते एकदा बदलून घ्यायचे. मग दाणे टेबलाच्या मध्ये सारायचे. तुझे एवढे, तर माझे तेवढे आणि वर आणखी. झेपत नसेल त्याने पत्ते उलटे ठेवून 'पॅक' म्हणायचं. आणि समोरचा थाप मारतोय असं वाटलं तर शो मागायचा. पण शो फुकट नसतो. त्याने लावले असतील तेवढे दाणे आपणही मध्ये ठेवायचे, तेव्हाच त्याचे पत्ते बघायला मिळतात.

गोरक्ष ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. त्याने हात लावून पास केल्याशिवाय विमान पुढे सरकायचं नाही. त्या सवयीमुळे पत्ते खरोखर चांगले आले की तो दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ताठ बसायचा, जणू काही आता तपासून घ्या म्हणतोय. आणि पत्ते फुसके असले की हात आपोआप बेदाण्यांकडे जायचा. एक दाणा म्हणजे साधी थाप. तीन म्हणजे हातात काहीही नाही.

तर फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पत्ते पिसता पिसता तो म्हणाला, "या महिन्याच्या शेवटी मी चाललो. ज्ञानेशकडे. कायमचा."

आणि समोरचा एक बेदाणा उचलून त्याने तोंडात टाकला.

मी उज्वलाताईंकडे पाहिलं. उज्वलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. उज्वला सांगळे आमच्यातल्या चौथ्या. सिन्नर डेपोत एसटीच्या कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्या. तिकीट चुकवायला पाच वर्षांचं म्हणून मांडीवर घेतलेलं, मिसरूड फुटायला आलेलं पोर त्यांनी जन्मभर पाहिलं. त्यांना बेदाण्याची गरजच नव्हती. गोरक्षाने पत्ते पिसायला घेतले तेव्हाच त्यांना वास लागला असणार.

सोमनाथ मात्र बेदाण्याकडे न बघताच उठून उभा राहिला होता. "आरं वा! लय भारी, गोरक्षा! नात हाय तिथं, सून गुणाची हाय, हवा थंड हाय. जायलाच पायजे तू."

गोरक्षाने दुसरा दाणा खाल्ला. "हां. ज्ञानेश कधीचा मागं लागलाय. म्हणतो, आई पण नाही आता, एकटे काय करता."

"आणि घर?" मी विचारलं.

"देऊ भाड्यानं. नायतर विकू." तिसरा.

"मग सत्कार करू!" सोमनाथ म्हणाला. तो ज्येष्ठ नागरिक मंडळाचा सचिव आहे, आणि निवडून आल्यापासून एकही सत्कार हाती लागला नव्हता. "शेवटच्या रविवारी, सकाळी. हॉल मी बघतो. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. कातकाडेसाहेब बोलतील. वर विमान असलेलं सन्मानचिन्ह मिळतं का बघतो. तू विमानवाला ना!"

"कशाला उगीच," गोरक्ष म्हणाला, आणि त्याने एकदम मूठभर बेदाणे तोंडात कोंबले.

आपल्याकडे माणूस नोकरीतून निघो, गावातून निघो, त्याला शाल पांघरल्याशिवाय सोडत नाहीत. आणि एकदा शाल पांघरली की त्याला थांबता येत नाही. सत्कार झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दूध आणायला खाली दिसला तर लोक हळहळतात. शाल म्हणजे कंडक्टरची डबल बेल. त्यानंतर गाडी निघालीच पाहिजे.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी उज्वलाताईंना गाठलं.

"थाप आहे," मी म्हणालो.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण सगळी आहे का?"

हीच अडचण होती. समोरच्याकडे काही नाही याची खात्री असली तर शो मागण्यात मर्दुमकी नाही. पण गोरक्षाकडे काहीतरी होतंच. पुढच्याच गुरुवारी तो नातीबद्दल बोलत होता. फोनवर ती त्याला कशी 'आबा, विमान दाखव' म्हणते, आणि तो कसा गॅलरीत जाऊन फोन आभाळाकडे धरतो, आणि विमान नसलं तर घार दाखवतो. हे सगळं सांगताना त्याचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर होते. बेदाण्यांना हातसुद्धा लावला नाही. म्हणजे हा पत्ता खरा होता. आम्ही 'जाऊ नको' म्हणून त्याला अडवायचं आणि एका पोरीचा आबा आमच्या पत्त्यांपायी नाशकात ठेवून घ्यायचा, हे कुणाच्या हिशेबात बसणार?

दुसऱ्या बाजूला स्कूटर होती. गोरक्षाने आपली जुनी स्कूटर गेटापाशी उभी करून तिला 'विकणे आहे' अशी पाटी लावली. मी किंमत वाचली. तेवढ्यात नवी आली असती आणि वर हेल्मेट. पाटी लावल्यापासून तो रोज सकाळी स्कूटर पुसायचा, आणि कुणी पाटीसमोर थांबलं की गॅलरीतून ओरडायचा, "ब्रेक जरा कमी लागतो, आधीच सांगतो!"

"विकायची नाही त्यांना," उज्वलाताई म्हणाल्या.

"मग बोला ना तुम्ही."

"मी का? तुम्ही बोला, अण्णा. तुमचे मित्र आहेत."

मित्र होता म्हणूनच अवघड होतं. पुरुष पुरुषाला 'तू जाऊ नको' असं म्हणत नाही. तो 'येडा आहेस का' म्हणतो आणि त्यात सगळं आलं असं समजतो. तरी मी प्रयत्न केला. जिन्यात भेटला तेव्हा म्हणालो, "बंगळूरला म्हणे रहदारी फार आहे."

"असू दे. मला कुठं जायचंय?"

"भाषाही वेगळी."

"नात शिकवंल."

"मिसळ मिळत नाही तिथे. आपल्यासारखी."

तो पायरीवर थांबला. क्षणभर वाटलं, आता पत्ते खाली ठेवतो. पण खिशात हात घालून त्याने काहीतरी काढलं आणि तोंडात टाकलं. हल्ली खिशात बाळगत होता. "डॉक्टरनं तिखट बंदच केलंय," चघळत म्हणाला आणि वर गेला. डॉक्टरने त्याचं काही बंद केलेलं नव्हतं. मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो होतो.

एकही दाणा न लावता मी त्याचे पत्ते बघायला गेलो होतो. त्याने दाखवले नाहीत, यात त्याची चूक नव्हती.

मधल्या काळात ज्ञानेशने तिकीट काढलं. ओझरहूनच विमान. सुनेने कपाटं हलवून खोली रिकामी केली आणि तिचे फोटो पाठवले. खिडकीबाहेर एक झाडही होतं. गोरक्षाने ते फोटो आम्हाला दाखवले. "बघा, झाड पण हाय," म्हणाला. त्याचा चेहरा खेळात समोरच्याने डाव वाढवत नेला की होतो तसा झाला होता. त्याने थाप मारली होती आमच्यासमोर, आणि दाणे वाढवत होते मुलगा, सून, सोमनाथ, कातकाडेसाहेब. आणि सगळे प्रेमाने. प्रेमाने वाढवलेल्या डावातून माणसाने पॅक कसं म्हणावं?

मग शकुबाईने आम्हाला एक गोष्ट सांगितली. म्हणजे सांगितली उज्वलाताईंना, त्यांच्या ओट्याशी भांडी घासता घासता. ती गोरक्षाकडे स्वयंपाक करते आणि उज्वलाताईंकडे भांडी. उज्वलाताईंनी लगेच मला वर बोलावलं आणि शकुबाईला म्हणाल्या, "सांग परत."

"त्येच की," शकुबाई म्हणाली. "त्या गुरुवारी तुम्ही कोनीच आले न्हाई ना, तवाचं. काकांनी माझ्याकडून चौघांचे पोहे करून घेतलेले. मी आपली थर्मास न्यायला खाली खोलीत गेले, तर काका एकलेच. चौघांचे पत्ते वाटून बसलेले. ह्या खुर्चीत बसून बघायचे, मंग त्या खुर्चीत जाऊन बघायचे. म्या म्हनलं, काका, काय करता? तर म्हनले, थांब, अण्णा थाप मारतोय." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर नव्हतेच तिथं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग काय, हारले. सोताच्याच खुर्चीत हारले."

तो गुरुवार आम्हाला आठवेना. आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. सोमनाथच्या बागेत तोडणी होती. उज्वलाताई सिन्नरला भाचसुनेच्या डोहाळजेवणाला गेल्या होत्या. मी दुपारी जरा आडवा झालो आणि तो आडवेपणा दिवेलागणीपर्यंत टिकला. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दोघं असतीलच. गोरक्षाने दुसऱ्या आठवड्यात एका शब्दाने विचारलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र पत्ते पिसता पिसता म्हणाला, मी चाललो.

शकुबाई गेल्यावर उज्वलाताईंनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "अण्णा, त्यांना जायचंय. नातीला बघायला. कायमचं जायचं नाही. त्या 'कायमचं'ला कुणीतरी हात धरायला पाहिजे होता, आणि आपण टाळ्या वाजवल्या."

"मग रविवारच्या आत सांगायला हवं. उद्याच बोलावू सगळ्यांना. कातकाडेसाहेबांनाही."

"अजिबात नाही," त्या एकदम कंडक्टरच्या आवाजात म्हणाल्या. "भरल्या गाडीत विचारायचं नसतं. भरल्या गाडीत आई म्हणाली पोर पाच वर्षांचं आहे, की ते पाचचंच राहतं. देवाची शप्पथ घालून राहतं. सगळे बघत असतात ना. गाडी जरा रिकामी होऊ द्यायची, मग हळूच शेजारी जाऊन बसायचं."

"आणि तोवर त्यांचा स्टॉप आला तर?"

"तेच तर," उज्वलाताई म्हणाल्या.

रविवारी सत्कार. त्याच्या आधीचा शेवटचा गुरुवार. सोमनाथ बरणी घेऊन आला, बगलेत एक पुडकंही होतं. त्यातून त्याने शाल काढून दाखवली, मग सन्मानचिन्ह. वर पितळी विमान होतं, जरा नाक खाली केलेलं. उतरतंय की पडतंय ते कळत नव्हतं.

"झकास," गोरक्ष म्हणाला. "वाटा पत्ते."

पहिले काही डाव कसे झाले ते सांगण्यासारखं नाही. सोमनाथ हॉलमधल्या खुर्च्यांचा विचार करत होता. मी उज्वलाताईंचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो आणि तो मला आजवर कधी वाचता आलेला नाही. मग गोरक्षाने वाटले. स्वतः तीन पत्ते बदलले. बदललेले पाहिले, आणि एक बेदाणा खाल्ला.

त्याने थोडे दाणे मध्ये सारले. सोमनाथ 'पॅक' म्हणाला. माझ्याकडे दोन गुलाम होते, तेवढ्यावर मी गोरक्षाला सहज गारद केलं असतं. पण मी पण पॅक केलं. दोघांनाच राहू द्यावं असं वाटलं. गाडी तेवढीच रिकामी.

उज्वलाताईंनी तेवढेच दाणे लावले. गोरक्षाने वाढवले आणि दोन खाल्ले. त्यांनी पुन्हा तेवढेच लावले. आता गोरक्षाने समोरचे सगळेच्या सगळे दाणे दोन्ही हातांनी मध्ये लोटले. "सगळे," म्हणाला. सवयीने त्याचा हात पुन्हा टेबलावर फिरला, पण त्याच्यापुढे एकही दाणा उरला नव्हता. बोटं थोडा वेळ रिकाम्या लाकडावर चाचपडत राहिली आणि मग त्याने मधल्या ढिगातला एक उचलून खाल्ला. हे नियमात बसत नाही. आम्ही तिकडे काणाडोळा केला.

उज्वलाताईंनी आपले सगळे दाणे मध्ये लोटले.

"शो," त्या म्हणाल्या. आणि त्याच दमात, पण खालच्या आवाजात, "आणि भाऊ, तुम्ही जाऊ नका."

नेमका तेव्हा शेजारचा पंप सुरू झाला.

"काय?" गोरक्ष म्हणाला.

"जाऊ नका म्हणते!"

"कुठं?"

"बंगळूरला! म्हणजे जा, नातीला भेटा, पण कायमचं नका जाऊ!"

"ऐकू येईना, ताई!"

आमच्या पंपाच्या आवाजात बोलायचं तर ओरडावंच लागतं. चाळीस जणांच्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत 'पुढे सरका' पोहोचवलेला तो आवाज होता. उज्वलाताई उभ्या राहिल्या, टेबलावर हात टेकले आणि ओरडल्या, "तुम्ही गेलात तर मला करमणार नाही!"

यातले शेवटचे दोन शब्द बाहेर पडले तेव्हा टाकी भरली होती आणि पंप बंद झाला होता.

ते दोन शब्द पार्किंगभर गेले. वॉचमनने मान वळवली. पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाई चिमटा हातात धरून थांबल्या. भरल्या गाडीत विचारू नये म्हणणाऱ्या उज्वलाताईंनी आख्ख्या डेपोत विचारलं होतं.

त्या खाली बसल्या. चष्मा काढून पुसू लागल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. ज्यांनी घाटात बंद पडलेली गाडी ढकलून घेतली पण कुणापुढे हात जोडले नाहीत, त्या बाईंनी आयुष्यातला हा एवढा मोठा दाणा मध्ये ठेवला होता. तो आता परत घेता येणार नव्हता.

मग मी पाहिलं, गोरक्षाचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर गेले होते.

"तुम्ही कुणीच आला नाहीत," तो म्हणाला. "त्या गुरुवारी. पोहे केले होते."

"गोरक्षा, आरं तोडणी होती," सोमनाथ म्हणाला. "गाडी भरत होतो."

"फोन तरी करायचा."

"चुकलं."

"मला वाटलं, आता हे पण संपलं," गोरक्ष म्हणाला. "घरी कुणी नाय, इथं पण कुणी नाय. मग म्हटलं, सांगून तर बघू जातो म्हणून. कुणी थांब म्हणतंय का. तर तू सोम्या, उठून उभाच राहिलास. जायलाच पायजे म्हणे!"

सोमनाथने शालीचं पुडकं मांडीवर घेतलं आणि तिची घडी उगीच सारखी केली. "तुला बरं वाटंल म्हणून म्हणलो. तू जाणार, अन् आमी तोंड पाडून बसायचं, बरं दिसतं का? त्या रात्री मी जेवलो नाय. इचार घरी. ती म्हणली, कोण वारलं का."

म्हणजे सोमनाथही थापच मारत होता. त्याने बेदाणे खाल्ले नव्हते म्हणून आम्हाला कळलं नाही, इतकंच.

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. माझे दाणे अजून लागायचे होते. मी गोरक्षाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "येडा आहेस का?"

"हां," गोरक्ष म्हणाला. "कळलं."

मग शो मागितलाच होता म्हणून पत्ते उघडले. गोरक्षाच्या हातात एक राणी आणि चार भलतेच पत्ते होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. उज्वलाताईंकडे तर राणीही नव्हती. दहाच्या वर काहीच नाही. म्हणजे सगळे दाणे मध्ये लोटले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. नियमाप्रमाणे गोरक्ष जिंकला. सगळे बेदाणे त्याच्याकडे गेले. त्याने ढीग जवळ ओढला आणि त्यातला एकही खाल्ला नाही.

"शालीचं काय पण?" सोमनाथने हळूच विचारलं. "परत घेत न्हाईत दुकानवाले."

गोरक्षाने तिथूनच ज्ञानेशला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, पण मुख्य ते सांगितलं. महिनाभर येतो, नातीबरोबर राहतो, मग परत. ज्ञानेश म्हणाला, "बाबा, खोली तुमचीच राहील. कधीही या. पण महिना नाही, दोन महिने." गोरक्ष म्हणाला, "दीड." बराच वेळ दोघं घासाघीस करत होते. दोघांचेही आवाज सुधारत गेले. शेवटी पाडव्यापर्यंत ठरलं.

रविवारी सत्कार झालाच. हॉल ठरला होता, जिलबी सांगितली होती, आणि कातकाडेसाहेबांचं भाषण पाठ झालं होतं. ते बदलायला त्यांनी साफ नकार दिला. 'आपल्याला सोडून कायमचे निघालेले बोरस्तेसाहेब' असं म्हणून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. शाल पांघरून गोरक्ष उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाडव्याला परत येतोय." टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कातकाडेसाहेब माईक जवळ असल्याचं विसरून म्हणाले, "मग शाल कशाची?" मागून सोमनाथ ओरडला, "आल्यावर स्वागताची! तीच वापरू!" तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. जिलबी चांगली होती.

स्कूटरची पाटी गोरक्षाने जाण्यापूर्वी काढली आणि किल्ली माझ्याकडे दिली. "आठवड्यातून एकदा चालू कर," म्हणाला. "ब्रेक जरा कमी लागतो."

तो गेल्यानंतरच्या गुरुवारी आम्ही तिघं पंपाच्या खोलीत जमलो. कुणी कुणाला फोन केला नव्हता, पण तिघंही वेळेच्या आधी हजर होते. उज्वलाताईंनी पत्ते पिसले आणि चौघांचे वाटले. सोमनाथने बरणीला टेकवून फोन उभा केला. गोरक्षाने बंगळूरमध्ये फोन कसा धरला होता कोण जाणे, आम्हाला फक्त छतावरचा पंखा दिसत होता. मी त्याचे पत्ते न बघता कॅमेऱ्यापुढे धरले.

"दोन बदल," पंखा म्हणाला.

बदलले. पुन्हा दाखवले. सोमनाथने दाणे लावले, मी लावले, उज्वलाताईंनी लावले.

"माझे सगळे," पंखा म्हणाला.

चेहरा दिसत नव्हता, हात दिसत नव्हते. आम्ही तिघंही पुढे वाकलो आणि कान दिला. तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "आबा, तोंडात काय आहे? मला पण!"

सोमनाथने ओठ मिटून घेतले. माझ्या हातात दोन एक्के होते. उज्वलाताईंच्या हातात काय होतं ते मी कडेने पाहिलं. त्यांच्या हातात तीन राजे होते, त्यापुढे माझे एक्केही चालले नसते.

त्यांनी ते तीन राजे बाकीच्या पत्त्यांसह टेबलावर उलटे ठेवले.

"पॅक," उज्वलाताई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. "तुमचे पत्ते भारी दिसतात आज, भाऊ."

"हायेतच," पंखा म्हणाला.